जन्मदाखला कोकणात शोधताना: आधी आजोळ, मग साल, मग दफ्तर

जन्मदाखला काढायला निघालेला माणूस बऱ्याचदा चुकीच्या ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन उभा राहतो. सातबारा वडिलांच्या गावचा, घर तिथलं, पालखी तिथली, म्हणून नोंदही तिथेच असणार असं तो धरून चालतो. पण जन्माची नोंद होते ती जन्म जिथे झाला त्या ठिकाणच्या दफ्तरात. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. त्यामुळे संगमेश्वरातल्या माणसाची नोंद लांज्यातल्या आजोळी निघते, देवगडच्या माणसाची मालवणात. ज्याचा बाप गिरणीत होता त्याची परळला निघते. वडिलांच्या गावचा ग्रामसेवक "नोंद नाही" म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. त्यावर भांडत बसू नये.

म्हणून पहिलं काम ऑफिसात नाही, घरातल्या म्हाताऱ्या बाईकडे. आई, मावशी, आत्या, जी कोणी असेल तिला चार गोष्टी विचारा. बाळंतपण घरी झालं की दवाखान्यात? घरी असेल तर कुठल्या वाडीत आणि कोणाच्या घरात? सुईण होती की नर्सबाई? दवाखाना असेल तर कुठल्या गावातला? डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, पत्रिका, काहीही जुनं ट्रंकेत असेल तर बाहेर काढा. पत्रिकेवर जन्मस्थळ लिहिलेलं असतं आणि ते सहसा बरोबर असतं, कारण भटजींनी त्यावरून लग्न (जन्मवेळेची उगवती रास) काढलेलं असतं.

घरी जन्म झाला असेल तर त्या गावची ग्रामपंचायत. दवाखान्यात झाला असेल तर दवाखाना ज्या हद्दीत त्या हद्दीची संस्था. डेरवणच्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी चिपळूण नगर परिषदेत जाऊन उपयोग नाही, चिपळूण शहर वेगळं आणि डेरवण वेगळं. सरकारी रुग्णालयात जन्म असेल तर आधी रुग्णालयातच विचारा की नोंदणी इथे होते की नगर परिषदेत. मुंबईत जन्म असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात जायचं. केईएम आणि वाडिया ही परळची दोन्ही रुग्णालयं एफ-दक्षिण विभागात येतात, जेजे ई विभागात. मुंबईची नोंद मिळवणं गावच्या नोंदीपेक्षा सोपं असतं, हे गावाकडच्या माणसाला पटत नाही, पण तसं आहे.

आता हद्दींची भानगड. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला, त्याआधी सगळं रत्नागिरी. रायगडचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं. पालघर 2014 साली ठाण्यातून वेगळा झाला. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं होती, ती 1948 ला विलीन झाली, म्हणून त्या भागातली त्याआधीची कागदपत्रं संस्थानी पद्धतीची. दोडामार्ग तालुका आधी सावंतवाडीत होता, तळा माणगावात. जुनं दफ्तर नव्या तालुक्याला गेलं की मूळ तालुक्यातच राहिलं, हे दोन्हीकडे विचारूनच कळतं. तीच गत ग्रामपंचायतींची: गट ग्रामपंचायत फुटून दोन झाल्या तर जुनी वही बहुधा जुन्या गावात राहते. देवरूख, लांजा, गुहागर, दापोली, कणकवली, कुडाळ, माणगाव, म्हसळा ही सगळी आधी ग्रामपंचायत असलेली गावं आता नगरपंचायती झाली आहेत. तिथे "ग्रामपंचायत काळातलं रजिस्टर" असा शब्द वापरून मागा, नाहीतर खिडकीवरचा मुलगा संगणकात बघून नाही म्हणेल.

जागा कळली की साल. इथे शाळेच्या दाखल्यावर डोळे मिटून विसंबू नका. 1 जून ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय जन्मतारीख आहे. गुरुजींना शाळेत घालायला वय बसवायचं असे आणि जून जवळ असे. शाळेच्या तारखेच्या मागेपुढे दोन-दोन वर्षं धरूनच शोध मागावा. म्हाताऱ्या माणसाचं साल ठरवायचं तर आठवणीतल्या घटनेला बांधायचं. रामदास बोट रेवसच्या वाटेवर बुडाली ती 17 जुलै 1947 ला. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. "भूकंपाला तू पाळण्यात होतास" असं आजी म्हणाली तर साल 1967 च्या आसपास आलंच. पत्रिकेवर शके असेल तर त्यात 78 मिळवा. जन्म जानेवारी ते गुढीपाडवा यामधला असेल तर 79.

साल कळल्यावर दफ्तर ठरतं. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा, आपल्याकडे तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्यानंतरचा जन्म असेल तर ग्रामपंचायत किंवा नगर परिषद. त्याआधीचा असेल तर गावच्या महसुली दफ्तरातला गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि तो बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. 1950 ते 1970 मधल्या जन्मासाठी मात्र दोन्हीकडे अर्ज करा, कारण काही ग्रामपंचायती त्या काळातही नोंदी ठेवत होत्या. शहरातल्या जुन्या नगरपालिकांकडे त्यांच्या स्वतःच्या वह्या आहेत.

अर्ज करण्याआधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: मला नेमकं काय हवंय? निबंधक सहीशिक्क्यानिशी देतो तो जन्मदाखला म्हणजे नमुना 5. त्यावर जात नसते. जातपडताळणीसाठी धावणारी मंडळी हा दाखला घेऊन जातात आणि परत येतात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरतात, आणि त्यासाठी कामाची असते ती तहसीलमधल्या जुन्या नोंदीची नक्कल किंवा आजोबांच्या शाळेतला निर्गम उतारा. उलट पासपोर्टसाठी, 1 ऑक्टोबर 2023 पूर्वी जन्मलेल्या माणसाला जन्मदाखलाच हवा असं नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, वाहन परवाना वगैरेंपैकी एकावरही जन्मतारखेचा पुरावा चालतो. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्यांना मात्र शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे. दाखला लागतच नसेल तर पुढचा लेख वाचायचीही गरज नाही, सुखाने घरी बसा.

ग्रामपंचायतीचं काम

ग्रामपंचायतीत निबंधक म्हणजे ग्रामसेवक. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात. एकाकडे दोन-दोन गावांचा चार्ज असतो, म्हणून ठरलेल्या वारीच भेटतो. आधी फोन करून वार विचारा. गणपती, शिमगा आणि मे महिन्याचा शेवट टाळा. मेअखेरीस सगळे चाकरमानी एकाच वेळी दाखल्यांना उभे असतात. दिवाळीनंतरचे दिवस बरे.

1970 नंतरची जुनी नोंद हाताने लिहिलेल्या वहीत असते आणि सगळ्या वह्या संगणकावर चढलेल्या नाहीत. आपले सरकार सेवा केंद्रातला ऑपरेटर "ऑनलाइन दिसत नाही" म्हणाला तर ते उत्तर धरू नका. मूळ वही बघायला सांगा, आणि बघताना जवळ उभे रहा. त्या काळच्या नोंदीत बाळाचं नाव जवळजवळ कधीच नसतं, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते. रकान्यात तारीख, "स्त्री" किंवा "पुरुष", वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता आणि खबर देणाऱ्याचं नाव, एवढंच. म्हणजे वहीत स्वतःचं नाव शोधायचं नसतं, बापाचं शोधायचं असतं. आडनाव असेल तसं मिळेलच असं नाही. पाटणकर पाटनकर होतो, कुठे आडनावाच्या जागी गावाचं नाव येतं, वडिलांचं कागदोपत्री नाव एक आणि घरातलं हाकेचं नाव दुसरं. खबर देणारा बहुधा मामा किंवा आजोबा असतो. वडिलांचं नाव चुकलेलं असलं तरी मामाच्या नावावरून नोंद ओळखू येते, हा रकाना लोक बघतच नाहीत.

अर्ज साध्या कागदावर चालतो. असा लिहा:

"प्रति, निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, ग्रामपंचायत ______, ता. ______. विषय: जन्मनोंदीचा शोध घेऊन प्रमाणित दाखला मिळणेबाबत. महोदय, माझा जन्म मौजे ______, ______ वाडी येथे, आईच्या माहेरी ______ यांच्या घरी, सन 1972 ते 1975 या दरम्यान झाला. वडिलांचे नाव ______, आईचे सासरचे नाव ______, माहेरचे नाव ______. नोंदीत बाळाचे नाव नसण्याची शक्यता आहे. तरी सदर वर्षांच्या मूळ नोंदवह्या तपासून नोंद आढळल्यास प्रमाणित दाखला द्यावा; न आढळल्यास तसा लेखी दाखला द्यावा."

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. त्याच्याशिवाय "नाही सापडलं" हे तोंडी उत्तर मिळतं आणि तोंडी उत्तराचा पुढे काडीचा उपयोग नाही. सोबत आधार, शाळेचा दाखला आणि आई-वडिलांचं नातं दाखवणारं काहीतरी जोडा. कायद्याने शोध आणि उतारा कोणीही मागू शकतो (1969 च्या अधिनियमाचं कलम 17), पण खिडकीवर नातं विचारतातच; कागद जवळ असला की वाद होत नाही. शुल्क किरकोळ असतं, त्याची पावती घ्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

ही सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येते. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात, अपील कोणाकडे, हे सगळं ऑफिसात फलकावर लावणं बंधनकारक आहे. त्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील. अपिलाची वेळ येते असं नाही. फोटो काढताना कोणी बघितलं तरी पुष्कळदा वही सापडते.

तहसीलचा अभिलेख कक्ष

इथे घाई चालत नाही. जुनं दफ्तर फडक्यात बांधून ठेवलेलं असतं, त्याला रुमाल म्हणतात. एका रुमालात एका गावाचे किंवा काही गावांचे कागद. रुमाल सोडला की धूळ, कसर आणि कधी वाळवीची माती. कोकणातल्या हवेत कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात, ते ओढून सोडवायला जाऊ नका, कर्मचाऱ्यालाच करू द्या. महाड आणि चिपळूण 2021 च्या जुलैच्या पुरात बुडाली होती, श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूला 2020 चं निसर्ग वादळ येऊन गेलं. या भागात अर्ज करताना आधीच विचारा की त्या सालचं दफ्तर शिल्लक आहे का. नसेल तर तेही लेखी घ्या.

आधी नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. अर्जात "गाव नमुना नंबर 14, जन्म-मृत्यू नोंद, मौजे अमुक, सन अमुक ते अमुक" असं स्पष्ट लिहा. नुसतं "जन्माचा पुरावा" लिहिलंत तर अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो. वाडीचं नाव नको, महसुली गावाचं हवं. लोक वाडीलाच गाव म्हणतात आणि रुमाल वाडीच्या नावाने लावलेला नसतो. महसुली गाव कुठलं ते सातबाऱ्यावर मिळेल.

नोंद मोडीत असेल तर घाबरायचं कारण नाही. पानाची प्रमाणित नक्कल आधी घ्या, मग मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेत आला आहे आणि जिल्ह्यात जाणकार असतातच. कोणाचं लिप्यंतर ग्राह्य धरतात ते मात्र ज्या ऑफिसात कागद द्यायचा तिथेच विचारा. जुन्या लिखाणात "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "भ्रतार" म्हणजे नवरा. नावं अगदी सुटसुटीत, रामा, धोंडू, गोविंदा, आणि एका गावात एकाच नावाचे तिघे. म्हणून एकच नोंद पाहून उडी मारू नये. भावंडांच्या नोंदी, आजोबांचा मृत्यू, त्याच आडनावाची शाळेतली नोंद, असं तीन-चार ठिकाणी जुळलं की मगच हाच आपला म्हणायचं.

एक सोय अलीकडे झाली आहे. 2023 पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी दफ्तरं उघडली गेली आणि कुणबी नोंदी असलेली पानं स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका आणि गावानुसार टाकण्यात आली. त्यात गाव नमुना 14 चीही पानं आहेत. घरबसल्या आपलं गाव उघडून पाहा. स्कॅन हा दाखला नव्हे, पण फाईल आणि पान सापडलं की नकलेचा अर्ज अचूक होतो आणि अभिलेखापालाचंही काम हलकं होतं.

तहसीलच्या फाटकाशी बसलेले एजंट "आतून काढून देतो" म्हणतात. साधी नक्कल मिळायला एजंट लागत नाही, अचूक गाव आणि साल लागतं, आणि ते एजंटाला माहीत नसतं. ऑफिस दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: 10 रुपये, 150 शब्दांच्या आत, एकच विषय, आणि मागणी "सदर रजिस्टरची पाहणी करू द्यावी" अशी. उत्तर 30 दिवसांत यायला हवं.

नोंदच नसेल तर

आधी नमुना 10, म्हणजे नोंद आढळत नसल्याचा दाखला. तो जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाचा हवा. वडिलांच्या गावचा आणलात तर फुकट. नंतर उशिराची नोंदणी, कलम 13. जन्माला एक वर्ष उलटून गेलं असेल तर पूर्वी कोर्टात जावं लागे, 2023 च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आहे. 2025 पासून राज्याने ही वाट बरीच कडक केली: पुरावे, जाहीर सूचना, पोलिसांचा अहवाल, आणि खोटी माहिती आढळली तर गुन्हा. म्हणून तयारी करूनच जा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, भावंडांचे जन्मदाखले, प्राथमिक आरोग्य केंद्राची लसीकरणाची नोंद, जुनं रेशनकार्ड, मतदार यादी. चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला असेल तर तिथलं रजिस्टर हा फार चांगला कागद आहे. वसई, सावंतवाडी, मालवणच्या कुटुंबांनी शासकीय दफ्तराच्या आधी पॅरिशमध्ये विचारावं. सगळ्या कागदांवर एकच तारीख असावी. दोन तारखा असतील तर कुठली खरी ते तुम्ही अर्ज करण्याआधी ठरवा, अधिकाऱ्यासमोर नको.

आजोळ गोव्यात असेल, आणि सावंतवाडी-दोडामार्गात ते अनेकांचं असतं, तर हा सगळा मार्ग सोडा. तिथे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायचं. मुक्तीपूर्व काळातल्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असतात.

नाव आणि दुरुस्ती

नोंद सापडली पण नावाचा रकाना कोरा, ही सर्वसाधारण स्थिती. नाव घालणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, त्याला वेगळा अर्ज आहे (कलम 14). जन्मानंतर वर्षाच्या आत विनाशुल्क, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. त्याहून जुन्या नोंदींसाठी सरकार अधूनमधून मुदत वाढवत आलं आहे. सध्याची मुदत ऑफिसात विचारून घ्या आणि चालू असेल तर थांबू नका. नाव घालताना शाळेच्या दाखल्यावर आहे तेच, त्याच शुद्धलेखनाने. एकदा घातलेलं नाव बदलणं अवघड जातं, आणि राजपत्रात नाव बदललं म्हणून जन्मनोंदीतलं आपोआप बदलत नाही.

चूक दुरुस्त करायची असेल तर कलम 15: प्रतिज्ञापत्र, पुरावा आणि हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन. आडनावातला काना-मात्रा लगेच होतो. तारीख बदलायला निबंधक सहसा तयार होत नाही आणि त्याचं बरोबर आहे. 1 जूनवाल्या शाळेच्या दाखल्यासाठी खरी जन्मनोंद बदलू नये, बदलायचा तर शाळेचा दाखला.

दाखला हातात पडला की खिडकीवरच उभं राहून इंग्रजी आणि मराठी दोन्ही स्पेलिंग वाचा. मागितलेल्या प्रती दोन-तीन जास्त घ्या. आखातात किंवा बाहेरदेशी जायचं असेल तर जुना हस्तलिखित दाखला पुढे करू नका, त्याच नोंदीवरून संगणकीय दाखला नव्याने घ्या आणि मग साक्षांकन किंवा अपोस्टिलला (परदेशात कागद खरा धरावा म्हणून सरकार देतं ते प्रमाणपत्र) द्या. आणि लॅमिनेशन करू नका. साक्षांकनाचे शिक्के कागदाच्या पाठीवर बसतात.